आठच्या डोसची सही

७ जानेवारी

विद्यापीठाचं पत्र आलं. माझ्या जुन्या पदविकेचे साठ श्रेयांक त्यांनी धरले. पदवी पूर्ण व्हायला आता तीन गोष्टी उरल्या: संख्याशास्त्राचा पेपर, वस्तीतली बारा दिवसांची सेवा आणि एक संशोधन प्रकल्प. मुदत तीस एप्रिल. त्या दिवशी नावनोंदणीला पाच वर्षं होतात. त्यानंतर केलेलं सगळं बाद.

पाकीट माझ्याआधी नवऱ्याने उघडून पुन्हा चिकटवलं असावं. विचारलं तर म्हणाला, "गोंदच तसला असतो." मग, "साठ धरले, बरं झालं." साठ हा आकडा मी अजून सांगितला नव्हता.

मेट्रनबाईंनी गेल्याच महिन्यात सांगितलंय, एक मेपासून वॉर्डाची इन्चार्ज पदवीधरच हवी. तेवीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची चार 'तात्पुरती इन्चार्ज' म्हणून. माझी पदवी राहिली तर खुर्ची डिग्रीवालीला मिळणार. डिग्रीवाली हे नाव मीच ठेवलं. ती आली तेव्हा तिला शीर सापडत नव्हती. हात धरून शिकवलं.

१२ जानेवारी

आज डिग्रीवालीला पकडलं असतं. साडेआठला मी ड्रेसिंग संपवून वळले तर ती सहा नंबरच्या खाटेशी. खाटेचा औषधांचा ड्रॉवर उघडा, हातात पुडी. तक्ता हातात नव्हता. तक्ता माझ्या टेबलावर होता आणि त्यावर आठच्या डोसची सही झालेली होती. मग तिच्या हातात पुडी कसली?

"काय शोधतेस?"

"काही नाही ताई. ड्रॉवर आवरत होते."

पेशंटच्या तोंडात घोट होता. माझ्याकडे बघत गिळला. त्यालाही काही बोलायचं नसावं.

औषधं वॉर्डात येतात ती खाटेवार, वेळेवार, एकेक पुडी; न दिलेली पुडी औषधवाल्यांकडे परत जाते. आठची पुडी आठला दिली की ड्रॉवर रिकामा. साडेआठला त्यात काहीच असायला नको. ही कुठून काढते आणि कुठे नेते?

१९ जानेवारी

मार्गदर्शकबाईंकडे गेले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. माझ्याशी बोलताना घड्याळाकडे बघतात, म्हणून मी मुद्दाम सावकाश बोलते.

विषय सांगितला: वॉर्डात औषध न देताच तक्त्यावर सही होते का. बाईंनी घड्याळाकडे बघायचं सोडलं.

"हा विषय का निवडलात?"

"तेवीस वर्षं डोळे उघडे ठेवलेत म्हणून."

"कोणी विशिष्ट व्यक्ती आहे का डोळ्यांसमोर?"

"नाही." हे मी पटकन म्हटलं.

त्यांनी अट घातली. नोंदी मी स्वतः घ्यायच्या नाहीत. त्रयस्थाने अवेळी यायचं, तक्ता बघायचा, ड्रॉवर बघायचा. सही आहे आणि पुडीही आहे, असं दिसलं तर एक खूण. सातही नर्सना आकडे द्यायचे, एक ते सात. कोणता आकडा कोणाचा ती यादी बंद पाकिटात त्याच माणसाकडे. मला फक्त आकडे मिळणार.

मला हे फारच सोयीचं वाटलं. उद्या कोणी म्हणायला नको की मी आकसाने केलं.

२४ जानेवारी

मेट्रनबाईंची परवानगी मिळाली. नोंदी रेकॉर्डकाका घेणार. तळमजल्यावर जुन्या फायली सांभाळणारे. फायली मोजायच्या निमित्ताने ते कुठल्याही वॉर्डात कधीही शिरतात, कोणी वर बघत नाही.

"काका, तोंडाला कुलूप हवं हं."

"बाई, तीस वर्षं त्या तळघरात बसलोय. बोलायला होतं कोण?"

वॉर्डात फक्त एवढंच सांगितलं की औषधांची पाहणी होणार. दुपारी डिग्रीवाली मागोमाग लिनन रूममध्ये आली. दार लावून घेतलं.

"ताई, विषय बदला ना. हात धुण्यावर करा. पटकन होतो, आकडेही सोपे."

"तुला कोणी सांगितलं माझा विषय?"

"मेट्रनबाईंच्या टेबलावर अर्ज होता."

"दुसऱ्याच्या टेबलावरचं वाचतेस तू?"

ती चादरींच्या घड्या बघत राहिली. म्हणाली, "तुम्हालाच त्रास होईल, ताई." मग गेली.

धमकीच ही. आवाज मऊ होता, पण शब्द बघितले तर धमकीच.

३ फेब्रुवारी

संख्याशास्त्र. लेक शिकवते. ती सतरा वर्षांची आहे आणि मला ढ समजते.

"आई, सरासरी म्हणजे काय?"

"सगळ्यांची बेरीज भागिले जेवढे आहेत तेवढे."

"आणि मध्यक?"

"मधला."

"कशाच्या मधला?"

"उगाच खोदून विचारू नकोस, परीक्षक विचारतात तसं."

नवरा आतून म्हणाला, "आमची घरची मेट्रन नापास झाली तर मी लिहून देईन, घरात शिस्त चांगली ठेवते म्हणून."

हल्ली हा फार विनोद करतो. मी पदवी घेत असल्याचं याला नक्की बरं वाटतंय का, ते कळत नाही.

वॉर्डात काका येऊन जातात. कधी ते मला कळत नाही, मी बघतही नाही. माझं नेहमीचं चालू आहे. सातला हजेरी घेतली की बसून तक्ते पूर्ण करून टाकते, आठच्या डोससकट. त्यामुळे आठला माझे दोन्ही हात पेशंटसाठी मोकळे. नव्या मुलींना हे नियोजन जमत नाही. एका हातात पेन आणि एका हातात पाण्याचा पेला घेऊन फिरतात.

११ फेब्रुवारी

वाईट दिवस.

सकाळी डिग्रीवालीला मी रक्ताच्या नळ्या घेऊन प्रयोगशाळेत पाठवलं आणि रिपोर्ट मिळेपर्यंत तिथेच थांब म्हटलं. डोळ्यांसमोर नको होती. पावणेआठला दोन नंबरचा श्वास अडला. डॉक्टर, ऑक्सिजन, धावपळ. तो वाचला. साडेनऊला मी पहिल्यांदा टेकले.

अकराला नऊ नंबरच्या शिंपीआजोबांना फिट आली. खाटेच्या दांड्यावर डोकं आपटलं, भुवईला चार टाके. पंधरा दिवस एकही फिट नव्हती. आठला फिटची गोळी असते. तक्ता बघितला: सही आहे, माझी आहे. म्हणजे दिलेली आहे. मग डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला तर आठची पुडी आत.

सगळे माझ्याकडे बघत होते. डिग्रीवालीही, तेवढ्यात आलेली. ती पांढरीफटक पडली होती. मी नाही पडले. मी विचार करत होते.

१२ फेब्रुवारी

झोपेत उलगडलं नाही, सकाळी भांडी घासताना उलगडलं. पुडी परत ठेवता येते. मी दिली ती एक. दुसरी कुठून तरी आणून आत सरकवली. तिच्या हातात नको त्या वेळी पुडी मी स्वतः बघितलेली आहे, बारा जानेवारीला, तारखेसह इथेच लिहिलेलं आहे. प्रयोगशाळेतून परतताना नऊ नंबर वाटेतच लागतो.

मेट्रनबाईंना मेमो दिला. दोन पानं. चौकशी पंचवीस मार्चला. तोवर डिग्रीवालीने औषधांना हात लावायचा नाही.

आजोबांना भेटले. भुवईवरची पट्टी बदलली. त्यांना विचारलं, "काल सकाळी गोळी मी दिली होती ना?"

"सिस्टर, तुम्ही रोज देता."

"काल?"

"रोज देता," म्हणाले. म्हाताऱ्या माणसाला दोनदा विचारू नये. घाबरतात.

२० फेब्रुवारी

आजपासून बारा दिवस वस्तीतली सेवा. घरोघर जाऊन क्षयाच्या गोळ्या समोर गिळायला लावायच्या. माझ्याबरोबरची आरोग्यसेविका आठवी शिकलेली, पण दरारा मोठा. पहिल्याच घरी मी कार्डावर टिक करून मग गोळी हातावर ठेवली. तिने कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं आणि टिक खोडली.

"बाई, आधी घशाखाली."

"तुझ्यासमोरच तर देतेय."

"देताय. दिलेली नाहीय अजून."

खेड्यातल्या शाळामास्तरासारखी बोलते. हिला माझ्यावर पाळत ठेवायला कोणी सांगितलंय का, असं वाटून गेलं.

१० मार्च

काकांनी सहा आठवड्यांच्या खुणा दिल्या. तारीख, खाट, आकडा. तिथेच उभ्याने मोजल्या.

एकूण खुणा त्रेचाळीस. एकला दोन, दोनला एक, तीनला काही नाही, पाचला दोन, सहाला एक, सातला काही नाही. चारला सदतीस.

सदतीस.

चार कोण ते सांगायला पाकीट कशाला हवं. चारच्या सगळ्या खुणा सकाळपाळीच्या. सकाळपाळीला कायम आम्ही दोघीच, मी आणि ती. आणि अकरा फेब्रुवारी, खाट नऊ, आकडा चार. काका त्या दिवशी साडेसातलाच येऊन गेले होते. म्हणजे सगळं आधीच ठरलेलं.

इथे एक गोष्ट नीट बसत नव्हती, ती दुपारी बसली. अकरा फेब्रुवारीनंतर तिला औषधांना बंदी आहे, तरी पुढच्या आठवडाभर चारच्या खुणा आहेतच. म्हणजे बंदी मोडून करते. आणि वीस फेब्रुवारीपासून बारा दिवस, मी वस्तीत होते तेव्हा, चारची एकही खूण नाही. मी नसताना सरळ वागते. मी असतानाच करते. याहून स्पष्ट काय हवं?

१४ मार्च

मार्गदर्शकबाईंनी कच्चा मसुदा परत केला. एकच शेरा, लाल शाईत: "सदतीस, पण किती सह्यांपैकी?"

मी म्हटलं, सदतीस म्हणजे सदतीस. त्या म्हणाल्या, "शंभर सह्यांत सदतीस आणि सातशे सह्यांत सदतीस, दोन्ही सारखंच का? काकांनी तपासलेल्या सगळ्या सह्या मागवा, निर्दोषसुद्धा. टक्केवारीशिवाय प्रकल्प स्वीकारता येत नाही."

मुद्दाम लांबवतात. तीस एप्रिलला दीड महिना उरलाय, हे त्यांनाही माहीत आहे. डिग्रीवाली याच विद्यापीठात शिकली.

१६ मार्च

रविवार. लेकीने तक्ता मांडून दिला, आडवे आकडे, उभे दिवस. मी वाचत गेले, ती भरत गेली. संपल्यावर पेन्सिल दातात धरून बघत बसली.

"आई, हा चार आकडा बारा दिवस कुठे गेलता?"

"कुठे जाईल? होती की. खूण नाही, एवढंच."

"खूण नाही असं नाही. सहीच नाही. चांगली नाही, वाईट नाही, एकपण नाही." मग हसली. "तुझ्याबरोबरच सुट्टीवर जातो हा."

मी तिच्या हातातून कागद काढून घेतला. म्हटलं, अभ्यासाला बस. ती म्हणाली, हा अभ्यासच होता.

अकरा फेब्रुवारीपासून पुढे पुन्हा मोजलं. बंदीनंतर सहाच्या सह्या थांबतात. चारच्या चालू राहतात. वीसला चारच्या थांबतात, चार मार्चला पुन्हा सुरू होतात. चार मार्चला मी वस्तीतून परतले.

ड्युटीचा तक्ता कोणीतरी बदलला असणार.

१७ मार्च

ड्युटीचा तक्ता मीच लिहिते. माझंच अक्षर. बदललेला नाही.

तळघरात गेले. काका जेवत होते. डबा बाजूला सारला.

"पाकीट उघडा."

"बाई, ते संशोधकाला दाखवायचं नाही. त्या मॅडमनी बजावलंय."

"तुम्ही आकड्यांत घोळ घातलाय."

"असेल. माणूस आहे." हात पुसले. "पण कुणाच्या आकड्यात घोळ झाला असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी पाकीट काढलं नाही, मी पुन्हा मागितलं नाही. मी जिन्यापाशी पोचल्यावर ते म्हणाले, "कागदावर नाव कुठेच नाहीय. चारच आहे. तसंच देऊन टाका. पदवी होऊन जाईल."

१८ मार्च

काही विशेष नाही.

१९ मार्च

आज सातला बसले. पेन उघडलं. एक नंबर, आठचा डोस, सही. दोन नंबर, सही. तीन नंबरला हात थांबवला तेव्हा कळलं की दोन झाल्या होत्या. मी ठरवून आले होते, करायचं नाही. हाताला सांगायचं राहिलं.

एवढी वर्षं मी याला नियोजन म्हणत होते.

पाच हजार सह्या? दहा? त्यातल्या किती पुड्या ड्रॉवरमध्ये राहिल्या असतील? मी इतकी वर्षं ड्रॉवर रिकामेच बघितले. पाळी संपताना सगळे रिकामे असायचे. कसे?

कसे ते लिहिताना कळलं.

२१ मार्च

तिला लिनन रूममध्ये बोलावलं. दार मी लावलं.

"साडेआठला ड्रॉवर उघडून बघायचीस."

"हो."

"राहिलेलं देत होतीस."

"आठवड्यात एखादंच असायचं, ताई. गडबडीच्या दिवशी."

"किती दिवस?"

"तीन वर्षं." मग म्हणाली, "तुमची सही झालेली असायची. मी काय लिहिणार वर?"

"मला सांगायचंस."

"एकदा सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, नळी लावायला शीक आधी."

आठवत नाही. मी म्हटलं असणार.

मग मला राग आला. आजही आहे. म्हटलं, तू झाकत राहिलीस म्हणून मला दिसलं नाही. पहिली पुडी माझ्या टेबलावर आपटली असतीस तर आजोबांचं डोकं फुटलं नसतं. ती म्हणाली, "हो." एवढंच. तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं.

जाताना म्हणाली, "चौकशीत मी काय सांगू?"

"का? काय सांगणार होतीस?"

"माहीत नाही म्हणून सांगणार होते."

माझ्यासाठी, की तीन वर्षं सहीशिवाय डोस दिल्याचं बाहेर येऊ नये म्हणून? दोन्हीही असेल. विचारलं नाही.

२४ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो पूर्ण ऐकेपर्यंत त्याने एकदाही विनोद केला नाही, त्यावरूनच कळलं किती वाईट आहे ते.

"प्रकल्पात नाव नाही ना?"

"नाही."

"मग मेमो मागे घे. कारण देऊ नकोस. गैरसमज झाला, म्हण. ती सुटेल, तुझी पदवी होईल, खुर्ची राहील."

"आणि आजोबांच्या तक्त्यावर गोळी दिलेलीच राहील. माझी सही आणि माझा मेमो खरा धरून डॉक्टरांनी डोस दुप्पट केलाय. गोळी चालू असताना फिट आली, असं समजून. म्हातारा दिवसभर पेंगतो."

हे बोलेपर्यंत मी त्याचा विचार केलेला नव्हता. सव्वा महिना तो माणूस पेंगतोय. मी रोज त्याला म्हणतेय, आजोबा, झोप झाली का.

नवऱ्याने उठून चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाला, "पत्र मीच उघडलं होतं. नाकारलं असतं तर तुला आधी चहा देऊन मग सांगणार होतो."

२५ मार्च

चौकशीच्या आधी नवा मेमो दिला. एक पान. त्या दिवशी सातला सही केली, गोळी दिली नाही, पुडी कोणीही परत ठेवलेली नाही, आधीचा मेमो चुकीचा. अशा सह्या मी नेहमी करत आले. डोस कमी करण्याबाबत डॉक्टरांना कळवलं.

मेट्रनबाईंनी दोनदा वाचलं.

"हे लिहायची गरज नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"इतकी वर्षं हे चाललं आणि एकही पुडी परत आली नाही? औषधवाल्यांकडे परतीची नोंदच नाही. कसं काय?"

मी म्हटलं, सांगता येत नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मीही खाली बघितलं नाही. चौकशीत खोटं बोललेलं हे एकच वाक्य, इथे लिहून ठेवते.

३ एप्रिल

आजोबा आज जागे होते. बाहीची शिवण उसवलीय म्हणून मला बोलले. कोणी शिवलंय हे, म्हणाले, हात तोडायला हवेत.

२८ एप्रिल

पदवी पूर्ण झाल्याचं पत्र. मार्गदर्शकबाईंनी प्रकल्पात एक वाक्य घालायला लावलं होतं, संशोधक स्वतः अभ्यासगटात होती, असं. कोणता आकडा ते लिहायला लावलं नाही. मी लिहिलं.

मेट्रनबाईंचंही पत्र, त्याच दिवशी. लेखी ताकीद, आणि दोन वर्षं कोणतंही पद नाही. लेक म्हणाली, एक पास, एक नापास, सरासरी काढू का. मी काढ म्हटलं.

१ मे

डिग्रीवालीकडे वॉर्ड सोपवला. किल्ल्या, शिक्के, ड्युटीची वही. नवीन ड्युटी लावताना माझं नाव लिहायला ती अडखळली, तर मीच म्हटलं, सकाळपाळी टाक, सवय आहे.

मग तिने विचारलं, "ताई, तुम्ही मेमोत माझ्याबद्दल काय लिहिलंत?"

"काही नाही."

"साडेआठचं?"

"तेही नाही."

"मेट्रनबाई त्या दिवसापासून माझ्याशी वेगळ्या बोलतात."

"त्या सगळ्यांशीच वेगळ्या बोलतात."

ती हसली नाही. म्हणाली, "प्रत असेल ना तुमच्याकडे?"

फाईलमधून काढून दिली. तिने उभ्याउभ्याच वाचली, सावकाश, शेवटपर्यंत, माझ्या सहीपर्यंत. मग कागद उलटून मागची बाजू बघितली. मागे काही नव्हतं.